अधोस्वाक्षरीकार ही पिचर असून

रेनी टॅकेटच्या ऑफिसात बापांना बोलायची बंदी होती. आयांनाही होती, पण आयांना एकदा सांगितलं की पुरायचं. बापांसाठी मात्र तिने टेबलावर सूर्यफुलाच्या खारवलेल्या बियांची भलीमोठी बरणी ठेवली होती. बाप आत आला की ती त्याच्या ओंजळीत मूठभर बिया घालायची आणि म्हणायची, "या तोंडात टाका. टरफलं या कपात. तोंड रिकामं झालं की पुन्हा मागा. प्रश्न मी मुलीला विचारणार आहे."

लोवेल स्टकीला हा सरळसरळ अपमान वाटला. तो आमच्या पॉटर्स बेंडच्या नंबरपाट्यांच्या ऑफिसातला मुख्य कारकून होता. गाडी नवी असो, जुनी असो, वारशाने आलेली असो, एकोणीस वर्षं लोवेलच्या शिक्क्याशिवाय गावातलं एक चाक हललं नव्हतं. एकदा खुद्द मेयरला त्याने विम्याचा कागद नाही म्हणून रांगेच्या शेवटी पाठवलं होतं. असा माणूस टायरच्या दुकानामागच्या खोलीत, मोडक्या खुर्चीत बसून बिया चघळणार!

शिवाय विषय सॉफ्टबॉलचा होता. सहा वर्षं रोज संध्याकाळी घरासमोर रंगाच्या उपड्या बादलीवर बसून लोवेलनेच ब्रिनचे चेंडू झेलले होते. त्याची दोन बोटं त्यापायी वाकडी झाली होती, एका अंगठ्याचं नख कायमचं निळं पडलं होतं आणि डाव्या नडगीवर चेंडूची शिवण उमटली होती. अंगावर एवढी कागदपत्रं असलेल्या माणसाला बोलायला आणखी कुठला परवाना लागतो?

पण रेनीपुढे कुणाचं काही चालत नसे. ती विद्यापीठाकडून पिचर म्हणून, म्हणजे चेंडू टाकणारी म्हणून, खेळलेली बाई. आमच्या ओक्लाहोमात याचा अर्थ काय, ते इथल्यालाच कळेल. गावातल्या खानावळीत केक-पाय ठेवायच्या कपाटावर तिचा फोटो होता आणि म्हातारी माणसं कॉफी घेताना त्या फोटोकडे बघूनच बसत. आता ती गावोगावच्या मुलींना कॉलेजांच्या संघांपर्यंत पोचवायची. कोणता कोच ओरडतो, कोणाच्या संघातल्या मुली पदवी घेऊन बाहेर पडतात, कुठे गोड बोलून बाकावर बसवून ठेवतात, सगळं तिला तोंडपाठ. आणि खोटं म्हणून बोलायची नाही. "तुमची मुलगी चांगली आहे," ती आईबापांना सांगायची, "पण त्या मोठ्या कॉलेजात ती चार वर्षं टाळ्या वाजवेल. या छोट्या कॉलेजात ती खेळेल." लोक रागावून जायचे आणि वर्षाने घरी केलेला मुरंबा घेऊन परत यायचे. खोलीत मुरंब्याच्या बाटल्यांचं एक वेगळं फडताळच होतं.

"ब्रिन, तुला शिकायचं काय आहे?" रेनीने विचारलं.

"नर्सिंग," लोवेल बियांमधून म्हणाला.

"कपात, मिस्टर स्टकी. ब्रिन?"

"नर्सिंग," ब्रिन म्हणाली. ती सोळा वर्षांची, ताडमाड उंच आणि अबोल मुलगी होती. अबोल कशाने झाली होती, हे त्या खोलीत लोवेल सोडून सगळ्यांना दिसत होतं.

"आणि कुठे?"

लोवेलचं तोंड उघडलं. रेनीने न बघताच बरणी त्याच्याकडे सरकवली.

"रेड फोर्क कॉलेज," ब्रिन म्हणाली. "कोच डनलेव्हींकडे."

रेनीने मान हलवली. "जागा एकच आहे. पुढच्या वर्षी त्यांना शिष्यवृत्तीवर एकच पिचर घ्यायची आहे. चालेल?"

"हो, मिस रेनी."

मग रेनीने काम नेमून दिलं. पत्र ब्रिनने स्वतः लिहायचं, चार ओळींचं. सोबत तीन मिनिटांचा व्हिडिओ. त्यात चांगले चेंडू हवेतच, पण मार खाल्लेले दोन चेंडूही हवेत. "चांगले चेंडू सगळ्याच पाठवतात. मार खाल्ल्यावर मुलगी पाय आपटते की पुढचा चेंडू मागून घेते, हे कोचला बघायचं असतं. आणि आवाज बंद ठेवायचा. याला अपवाद नाही."

घरी परतताना लोवेलने गाडीत तोंड मोकळं केलं. पोरीच्या आयुष्याचा प्रश्न, आणि ही बाई म्हणते मार खाल्लेला दाखवा!

शेजारी ऑर्डेल प्रुइट कुंपणापाशीच उभा होता. तो गॅसच्या टाक्या पोचवण्याच्या कामावरून निवृत्त झालेला. त्याच्या भाच्याला कधीकाळी कुस्तीवर शिष्यवृत्ती मिळाली होती, त्यामुळे ऑर्डेल सगळ्याच खेळांतला जाणकार झाला होता. पोहण्याबद्दलही सल्ला द्यायचा, आणि त्याला पोहता येत नसे.

"चुका दाखवायच्या?" ऑर्डेल म्हणाला. "तू गाडी विकताना पोचे दाखवतोस का रे?"

"तेच म्हणतोय मी!"

"आणि आवाज बंद? अरे, लोकांच्या टाळ्या नकोत ऐकू यायला? माझ्या भाच्याच्या व्हिडिओत आख्खं सभागृह दणाणत होतं. आणि एका कॉलेजाला कसलं पाठवतोस? जाळं मोठं टाक."

लोवेल नऊ दिवस थांबला. नऊ दिवसांत ब्रिनच्या पत्राच्या तीन ओळी झाल्या, त्यातली एक तिने खोडली. या वेगाने पोरगी निवृत्तीच्या वयाला कॉलेजात जाईल, असा हिशेब त्याने मनाशी केला. दहाव्या दिवशी रविवार होता. चर्चनंतर बायको डार्ला आणि ब्रिन बाजाराला गेल्या, आणि लोवेल कॉम्प्युटरपुढे बसला. ब्रिनचं ईमेल खातं त्यानेच उघडून दिलं होतं आणि पासवर्ड कुत्र्याच्या नावाचा होता, त्यामुळे आपण काही चोरी करतोय असं त्याला वाटलं नाही. आपल्याच खात्यातली फाइल पुढे सरकवतोय, एवढंच वाटलं.

आता माणूस एकोणीस वर्षं जी भाषा लिहितो, तीच त्याच्या बोटांत असणार. पत्र असं उतरलं:

"विषय: अधोस्वाक्षरीकार यांचा संघात समावेश होणेबाबत. महोदया, उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की, अधोस्वाक्षरीकार ही पिचर असून तिचा चेंडू ताशी बासष्ट मैल वेगाने जातो. सबब, आपल्या संघातील रिक्त जागी तिची नियुक्ती करण्यात यावी, ही विनंती. सोबत: चित्रफीत एक. कळावे, आपली विश्वासू, ब्रिन स्टकी, वय सोळा."

त्याने ते दोनदा वाचलं. डोळ्यांत पाणी आलं. मग एकसष्ट कॉलेजांना पाठवून दिलं, रेड फोर्कला सगळ्यात आधी.

चित्रफितीत एकाहून एक सुंदर चेंडू होते. मार खाल्लेला एकही नव्हता. आवाज मात्र होता. आणि कॅमेरा मैदानाच्या जाळीला टेकवून लोवेल आणि ऑर्डेल शेजारीच बसलेले असल्यामुळे टाळ्या कुठे ऐकू आल्याच नाहीत. पहिल्या मिनिटाला लोवेलचा आवाज होता: "अहो डॉक्टर! लोकांच्या दाढा उपटताना तरी डोळे उघडे ठेवता ना?" सामन्याचे पंच गावचे दातांचे डॉक्टर होते. दुसऱ्या मिनिटाला ऑर्डेल ढेकर देत विचारत होता, "ती रेड फोर्कची बाई येणार म्हणे हिला बघायला कधीतरी?" आणि त्यावर लोवेल, अगदी स्वच्छ, खणखणीत, एक अक्षर न गाळता: "कोण, डनलेव्ही? येईना का! तिला पिचिंगमधलं काय कळतंय? खेळायची तेव्हा चार वर्षं मैदानाच्या उजव्या कोपऱ्यात उभी राहून गवत मोजत होती."

सोमवारी दुपारपर्यंत अकरा उत्तरं आली. शाळेच्या जेवणाच्या टेबलावर ब्रिनने ती वाचली, तेव्हा तिला आपण काही पाठवल्याचंच माहीत नव्हतं. एका कोचने लिहिलं होतं, "आपला अर्ज प्राप्त झाला. कृपया योग्य मार्गाने सादर करावा." दुसऱ्याने विचारलं होतं, कॅमेऱ्यामागचे गृहस्थ मुलीबरोबर कॉलेजात येणार नाहीत, याची लेखी हमी मिळेल का. आणि एक उत्तर रेड फोर्कहून होतं: "मी मोजलं होतं. बरंच होतं. – सी. डनलेव्ही."

संध्याकाळी ब्रिन घरी आली. लोवेल बादली उपडी घालून, हातमोजा चढवून तयार बसला होता.

"डॅडी," ती म्हणाली, "तुम्ही माझ्या नावाने सही केलीत."

एवढंच. मग ती गॅरेजमध्ये गेली, दार ओढून घेतलं आणि आतून भिंतीवर चेंडू आदळायला लागले. धप्प. धप्प. लोवेल बादलीवर बसून राहिला. रस्त्याने जाणारे लोक हात करायचे, तोही मोज्याचा हात वर करायचा. तासाभराने डार्ला दारात आली.

"आत येतोस की बसतोस?"

"बसतो."

"मग बसल्या बसल्या थोडं गवत मोज," डार्ला म्हणाली आणि आत गेली.

संकट एकटं येतं तर लोवेलने निभावलं असतं. पण त्याच आठवड्यात खेळाडूंच्या पात्रतेची नोंद करणाऱ्या कार्यालयाकडून ब्रिनचा अर्ज तिसऱ्यांदा परत आला. तोही लोवेलनेच भरला होता. पहिल्यांदा परत आला तेव्हा जन्मतारखेच्या रकान्यात त्याची स्वतःची तारीख होती. दुसऱ्यांदा, उंचीच्या जागी वजन. या वेळी शेरा होता: "अर्जदार व विद्यार्थिनी या एकच व्यक्ती असल्याचे दिसून येत नाही." लोवेलने फोन लावला. पन्नास मिनिटं लग्नातल्या बँडच्या तोडीचं काहीतरी संगीत ऐकल्यावर पलीकडून एक बाई बोलली.

"मुलीला फोन द्या, साहेब."

"मी तिचा बाप आहे."

"ते अर्जावरून दिसतंच आहे. मुलीला द्या."

"अहो, पण मी सांगतोय ना सगळं!"

"साहेब, नियम मी केलेले नाहीत."

लोवेलने फोन ठेवला. हे वाक्य त्याचं होतं. एकोणीस वर्षं, दिवसातून चाळीस वेळा तो हे म्हणत आला होता. खिडकीच्या पलीकडे उभं राहिल्यावर ते कसं लागतं, ते त्याला त्या दिवशी कळलं. दुसऱ्या दिवशी त्याने एका म्हातारीचं काम एक कागद कमी असताना करून दिलं, तेव्हा हाताखालच्या पोरीने काळजीने त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला.

गुरुवारी रेनीने दोघांना बोलावलं. लोवेल शिक्षेला निघाल्यासारखा इस्त्रीचा शर्ट घालून गेला. ब्रिनने पाठवलेला तो व्हिडिओ रेनीने सात वेळा पाहिला होता. आठव्यांदा लावला आणि गवतापर्यंत पोचता पोचता ती इतकी हसली, की डोक्यावरची उन्हाची टोपी गळून मुरंब्याच्या बाटल्यांत गेली. मग तिने डोळे पुसले. चेहरा एकदम बदलला.

"आता डनलेव्हींना फोन करायचा."

"मीच करतो," लोवेल घाईने म्हणाला. "माफी मागतो. हवं तर लेखी देतो."

"तुमचं लेखी पुरे झालं. ब्रिन करेल."

"मी?" ब्रिन पांढरीफटक पडली. "मी काय बोलू, मिस रेनी?"

"खरं असेल ते. मी काही सुचवणार नाही. मी हातांवर बसते." आणि ती खरंच आपल्या दोन्ही हातांवर बसली.

ब्रिनने नंबर लावला. लोवेलने न सांगता बरणीत हात घातला.

"कोच डनलेव्ही? मी ब्रिन स्टकी." आवाज कापत होता, पण थांबला नाही. "ते पत्र माझं नव्हतं. व्हिडिओतला आवाज माझ्या वडिलांचा आहे. पण चेंडू माझे आहेत." मग बराच वेळ ती ऐकत राहिली. "नाही मॅम, मार पडलेलेही आहेत. ते यात नाहीत. हो मॅम. शनिवारी दहा वाजता."

फोन ठेवल्यावर तिने एवढा मोठा श्वास सोडला, की टेबलावरची टरफलं उडाली. रेनीने टेबलावर मूठ आपटली. "चेंडू माझे आहेत! पोरी, चार ओळी लिहायला सांगितल्या होत्या, तू एका ओळीत काम केलंस!" लोवेल आपल्या मुलीकडे बघत होता. ही पोरगी बोलते, हे त्याला सोळा वर्षांनी कळत होतं, आणि तिचं बोलणं त्याच्या बोलण्यापेक्षा कितीतरी चांगलं होतं. त्याला अभिमानही वाटला आणि थोडी लाजही वाटली.

शनिवारी रेनीने लोवेलची खुर्ची मैदानाच्या पार मागच्या कुंपणाबाहेर, कचऱ्याच्या पिंपांपाशी टाकली आणि स्वतः शेजारी बसली. तिथून ब्रिन बोटाएवढी दिसत होती. डनलेव्ही जाळीमागे बसल्या होत्या. बुटकी बाई, रुंद हॅट, हातात चेंडूचा वेग मोजायचं यंत्र.

पाच डाव ब्रिनने असे टाकले, की समोरच्या मुली बॅट घेऊन यायच्या आणि मान हलवत परत जायच्या. चौथ्या डावात एकीने सणसणीत मारला. ब्रिनने पाय आपटला नाही, की जाळीकडे बघितलं नाही. नुसता हात पुढे करून चेंडू मागून घेतला. बादलीवर बसून हजारो चेंडू झेलताना हे लोवेलला कधी दिसलं नव्हतं, कारण तेव्हा तो बोलत असायचा.

सहाव्या डावात तिने दोन चेंडू टाकले. मग हात वर केला. आपल्या कोचला बोलावलं, कोपराकडे बोट दाखवलं आणि चेंडू त्याच्या हातात देऊन बाहेर गेली.

लोवेल खुर्चीसकट उठला. "अहो, दोनच डाव राहिलेत! ती बाई समोर बसलीये! आजच्या दिवस थोडं सहन केलं असतं तर काय बिघडलं असतं!"

"बसा," रेनी म्हणाली आणि त्याचा पट्टा धरून त्याला खाली ओढलं.

"एकच जागा आहे, मिस रेनी! तुम्हीच म्हणालात!"

"मिस्टर स्टकी, माझी आई फार कर्तबगार बाई होती. माझे सगळे फोन तिने केले, सगळी पत्रं तिने लिहिली. कॉलेजात पहिल्याच महिन्यात कोचने मला विचारलं, खांदा कसा आहे? मी मागे वळून बघितलं. आई नव्हती. मग मी म्हटलं, ठीक आहे." तिने उजवा हात वर उचलला. तो कानाच्या पाळीपर्यंत आला आणि तिथेच अडकला. "तीन वर्षं मी ठीक आहे म्हणत राहिले. माझे केस माझा नवरा बांधून देतो."

खानावळीतल्या फोटोत तो हात आभाळाला लागला होता. बापांना बंदी का, हे एवढ्या वर्षांत गावातल्या एकाही बापाने तिला विचारलं नव्हतं आणि तिनेही कधी सांगितलं नव्हतं. गुपचूप टायरच्या दुकानामागे बसून ती एकेका मुलीला एका प्रश्नाच्या उत्तरासाठी तयार करत होती. एवढ्या मोठ्या मनाच्या बाईला आपण गाडीत बसून नावं ठेवली, याची लोवेलला मनापासून शरम वाटली.

सामना संपल्यावर डनलेव्ही ब्रिनशी पाच मिनिटं बोलल्या आणि गाडीत बसून निघून गेल्या. आधी डॉक्टरला दाखव, सोमवारी साडेचारला फोन करते, एवढंच म्हणाल्या होत्या. म्हणजे हो की नाही?

"गेलं," संध्याकाळी ऑर्डेलने घराच्या कुंपणावरून निकाल दिला. "दुखरा हात कोण घेतंय? माझ्या भाच्याचं तर मनगट मोडलं होतं, पण त्याने..."

"ऑर्डेल," लोवेल म्हणाला, "तुझ्या भाच्याचं मनगट आता कसं आहे?"

ऑर्डेल विचारात पडला. त्याने कधी विचारलं नव्हतं.

सोमवारी डॉक्टरांनी स्नायू ताणल्याचं सांगितलं आणि सहा आठवडे चेंडूला हात लावायचा नाही म्हणून बजावलं. साडेचारला फोन वाजला. ब्रिन तो घेऊन मागच्या अंगणात गेली. स्वयंपाकघरात लोवेल एकच कप पुन्हा पुन्हा विसळत होता आणि डार्ला तोच पुन्हा पुन्हा पुसत होती. बावीस मिनिटांनी ब्रिन आत आली.

"कोच म्हणाल्या, गेल्या वर्षी त्यांच्या चार पिचर होत्या. चौघींना विचारलं की चौघीही ठीक असायच्या. त्यातल्या दोघींची ऑपरेशनं झाली."

"मग?" डार्ला म्हणाली.

"मग म्हणाल्या, बासष्ट मैलांच्या मुली मिळतात. खरं सांगणारी मिळत नाही. जागा तुझी आहे, घरी विचारून कळव."

"मग?"

"मी म्हटलं, विचारायचं काही नाही, मी घरी सांगते." ब्रिनने बापाकडे बघितलं. "मी हो म्हटलंय, डॅडी."

डार्लाने कप पुसायच्या फडक्यातच तोंड लपवलं. लोवेलच्या ओठांवर एकाच वेळी शंभर गोष्टी आल्या. संघाच्या शर्टाचा नंबर, वसतिगृह, पात्रतेचा अर्ज, डनलेव्हींना त्या गवताबद्दल एकदा समक्ष सांगायला हवं ते, आणि सहा वर्षांची एकूण एक संध्याकाळ.

"कोपर कसं आहे?" त्याने विचारलं.

ब्रिन टेबलाशी बसली आणि सांगू लागली. मंगळवारपासून दुखत होतं, वळणारा चेंडू टाकताना जास्त, सकाळी पेन धरताना पण. आणि तिचं सांगून संपेपर्यंत लोवेल मधे एक शब्द बोलला नाही.